दूरध्वनीवरील सोबत : महामारीतील वृद्धांचा एकाकीपणा आणि विद्यार्थी

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचे घोषित केले आणि २५ मार्चपासून संपूर्ण देशात टाळेबंदी लागू झाली. पुढे मे महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली त्यांत, ६५ वर्षांवरील व्यक्तींनी व १० वर्षांखालील बालकांनी अत्यावश्यक कारणाखेरीज घराबाहेर पडू नये, असे सांगण्यात आले. वैद्यकीय दृष्टीने हा नियम योग्यच होता. या रोगातील मृत्यूंचे प्रमाण वाढत्या वयाबरोबर झपाट्याने वाढते, हे तोवर स्पष्ट झाले होते. मात्र या एका नियमाने आजोबा आणि नातू या दोघांनाही घरात बसविले, आणि पुष्कळदा ती घरे वेगवेगळ्या गावी होती.

वृद्धांच्या दिनक्रमात काय काय बंद झाले याची आठवण केली तरी या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते. देवळापुढील पार, सकाळचा फेरफटका, ज्येष्ठ नागरिक संघाची साप्ताहिक बैठक, विरंगुळा केंद्रातील वृत्तपत्रवाचन, संध्याकाळचा हरिपाठ, बाजाराचा दिवस, लग्नकार्ये, इतकेच काय तर अंत्ययात्राही. २०२० सालच्या आषाढीला पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका राज्य परिवहनच्या बसमधून पंढरपूरला नेण्यात आल्या. राज्यातील प्रार्थनास्थळे त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे १६ नोव्हेंबरला उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेच्या दिवशी पुनश्च सुरू झाली. ज्यांचा दिवस देवळाच्या पायरीवर सुरू होऊन तेथेच संपत असे, त्यांच्या दृष्टीने ही दीड वर्षे किती लांब झाली असतील, याची कल्पना तरुण वाचकांना सहजी येणार नाही. सायंकाळी दूरचित्रवाणीसमोर बसणे एवढेच उरले. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखविण्यास प्रारंभ केला, तेव्हा तिला मिळालेल्या प्रतिसादाचे एक कारण हेही असावे.

त्याच काळात विद्यार्थ्यांपाशी वेळ होता. महाराष्ट्रातील दहावीच्या परीक्षेचा भूगोलाचा शेवटचा पेपर २०२० मध्ये रद्द झाला; २०२१ मध्ये तर दहावीची लेखी परीक्षाच झाली नाही. महाविद्यालयांचे वर्ग भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. अनेक तरुणांनी या वेळेचा सदुपयोग केला. कोणी मुखपट्ट्या शिवल्या, कोणी औषधे व किराणा घरपोच दिला, कोणी स्थलांतरित मजुरांच्या भोजनाच्या व्यवस्थेत हातभार लावला. हे कार्य मोलाचे होते याबद्दल दुमत नाही. परंतु औषधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवून स्वयंसेवक निघून जाई, आणि दाराआडच्या व्यक्तीला त्याच्याशी चार शब्द बोलावयाचे राहून जात. मदत पोहोचली; सोबत पोहोचलीच असे नाही. ही सोबत विद्यार्थ्यांनी कशी पोहोचवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एकटेपणा आणि एकाकीपणा

या दोन शब्दांत फरक आहे आणि कार्यकर्त्यांनी तो आरंभीच समजून घेतलेला बरा. एकटे राहणे ही बाहेरून दिसणारी स्थिती आहे. तिची गणना करता येते. एकाकीपणा ही मनाची स्थिती आहे. आपल्याला हवा तसा व हवा तेवढा माणसांचा संबंध मिळत नाही, ही बोचणी म्हणजे एकाकीपणा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मधील आपल्या ग्रंथात याचेही दोन प्रकार सांगितले आहेत. एक जिवलग व्यक्ती गेल्यामुळे येणारा, व दुसरा मित्रमंडळींच्या वर्तुळातून तुटल्यामुळे येणारा. पतिनिधनानंतरचे दुःख भजनी मंडळ भरून काढू शकत नाही, आणि घरात प्रेमळ सून असली म्हणून पारावरच्या समवयस्कांची उणीव दूर होत नाही, हे आपल्याकडील कोणतीही आजी अधिक थोडक्यात सांगेल.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती. यांतील बहुसंख्य कुटुंबातच राहतात. त्यामुळे ‘आमच्या गावात एकाकी वृद्ध नाहीत, सगळे मुलाबाळांत आहेत’ असे उत्तर ग्रामपंचायतीत हमखास मिळते. ते प्रामाणिक असते, पण अपुरे असते. भरल्या घरात, ज्यांचा शब्द कोणी विचारीत नाही, ज्यांना ऐकू कमी येते म्हणून संभाषणातून हळूहळू वगळले जाते, अशांचा एकाकीपणा गणनेत येत नाही. टाळेबंदीत याच्या उलटही घडले, हेही नमूद केले पाहिजे. कोकणातील कित्येक घरांत मुंबईचे चाकरमानी अनेक वर्षांनी सलग काही महिने राहिले आणि म्हाताऱ्या आईवडिलांना त्या संकटकाळात अनपेक्षित सोबत लाभली. तेव्हा महामारी म्हणजे एकाकीपणा असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. घरागणिक पाहावे लागते.

हा प्रश्न केवळ भावनेचा आहे असे समजून तो बाजूस सारणे चुकीचे होईल. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लनस्टॅड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते त्यांच्या हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने सामाजिक संबंधांविषयी नेमलेल्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक एकाकीपणाने ग्रस्त असून वर्षाकाठी ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंचा संबंध एकाकीपणाशी लावता येतो, असा अंदाज वर्तविला आहे. याच अहवालात किशोर व तरुण वयातील एकाकीपणाकडेही लक्ष वेधले आहे. म्हणजे दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला विद्यार्थीही या दुखण्यापासून मुक्त असतोच असे नाही.

टेक्ससमधील एक प्रयोग

सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली तेव्हा घरोघरी जाणाऱ्या पथकांपाशी शरीराचे तापमान व रक्तातील प्राणवायूची पातळी मोजण्याची साधने होती. एकाकीपणा मोजता येतो काय, आणि मोजता आला तर तो कमी करता येतो काय, हा प्रश्न त्याच सुमारास अमेरिकेतील टेक्सस राज्यात विचारला जात होता. ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. मनिंदर काहलोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ जुलै ते २४ सप्टेंबर २०२० या काळात केलेला हा प्रयोग आपल्याकडील शिक्षक व कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहण्याजोगा आहे.

घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना जेवणाचे डबे पोहोचविणारी ‘मील्स ऑन व्हील्स’ ही संस्था तेथे काम करते. तिच्याकडून डबा घेणाऱ्या २४० व्यक्ती या प्रयोगासाठी तयार झाल्या. त्यांचे वय २७ ते १०१ वर्षे होते. सुमारे ६३ टक्के ६५ वर्षांवरील होते, निम्म्याहून अधिक एकट्या राहत होत्या, आणि प्रत्येकाला किमान एक दीर्घकालीन आजार होता. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला चार आठवडे दूरध्वनी केले गेले, दुसऱ्याला केले गेले नाहीत.

दूरध्वनी करणारे कोण होते, हे या प्रयोगाचे मर्म आहे. ते डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. १७ ते २३ वर्षे वयाचे, म्हणजे आपल्याकडील बारावीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंतच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे ते सोळा तरुण होते. समोरच्याचे म्हणणे आस्थेने ऐकून घेऊन संभाषण कसे चालवावे, याचे थोडक्यात प्रशिक्षण त्यांना देण्यात आले. प्रत्येकाकडे ६ ते ९ व्यक्ती सोपविल्या होत्या. पहिले पाच दिवस रोज दूरध्वनी करावयाचा; त्यानंतर किती वेळा बोलावयाचे हे ज्याला दूरध्वनी येतो त्याने ठरवावयाचे, मात्र आठवड्यातून दोनदा तरी बोलणे झाले पाहिजे, असा दंडक होता. विषयही त्यानेच निवडावयाचा.

मोजमाप कसे केले, तेही पाहू. एकाकीपणाच्या मापनासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेली एक प्रश्नावली आहे. तिच्या संक्षिप्त रूपात तीनच प्रश्न असतात : आपल्याला सोबतीची उणीव भासते काय, आपण वगळले गेलो आहोत असे वाटते काय, आणि इतरांपासून तुटल्यासारखे वाटते काय. ‘क्वचित’ला १, ‘कधी कधी’ला २ व ‘वारंवार’ला ३ गुण. बेरीज कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ९ होते. चार आठवड्यांनंतर, दूरध्वनी आलेल्या गटाच्या गुणांत दुसऱ्या गटाच्या तुलनेने १.१ ची घट झाली. खिन्नता व चिंता मोजणाऱ्या स्वतंत्र प्रश्नावल्यांतही अनुक्रमे १.५ व १.८ गुणांची सुधारणा दिसली. आकडे लहान वाटतील. परंतु हा परिणाम औषधाविना, तज्ज्ञाविना, आणि संसर्गाचा यत्किंचितही धोका न पत्करता साधला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व पटते. चार आठवड्यांनंतर हा परिणाम किती टिकला, हे मात्र या प्रयोगातून कळत नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

परदेशातील अनुभव आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे काहीसे उत्तर शेजारच्या गोव्यातून मिळते. तेथे प्राथमिक आरोग्य सेवेतील ६० वर्षांवरील १८१ व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वांमध्ये खिन्नतेची सौम्य लक्षणे होती. तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी दैनंदिन अडचणी सोडविण्याची रीत, झोपेची काळजी, मधुमेहासारख्या विकारांतील पथ्यपाणी आणि शासकीय योजनांचा लाभ मिळविण्यास साहाय्य, अशी मदत त्यांच्यापैकी ९१ जणांना केली. वर्षभरात त्यांच्यापैकी ४ जणांना तीव्र नैराश्य आले. उरलेल्या ९० जणांच्या गटात ही संख्या १३ होती. हा अभ्यास महामारीपूर्वीचा आहे आणि त्यातील समुपदेशक विद्यार्थी नव्हते. तथापि आपल्या भागात, आपल्या भाषांत, सामान्य शिक्षण घेतलेली व्यक्ती हे काम करू शकते, एवढे त्यावरून निश्चित होते.

बोलावे कसे

आता मुख्य अडचण. आपले विद्यार्थी वडीलधाऱ्यांशी आदराने वागतात. पण आदराने बोलणे आणि गप्पा मारणे यांत अंतर आहे. ‘आजी, जेवलात का? औषध घेतलं का? बरं आहे ना?’ या तीन प्रश्नांना ‘हो’ हे एकच उत्तर पुरते आणि अर्ध्या मिनिटात संभाषण संपते. विद्यार्थ्याने वहीत ‘संपर्क झाला’ अशी नोंद केली, तरी सोबत काही झाली नाही. याउलट ‘आजी, आज काय केलं होतं जेवायला?’ असे विचारले की उत्तर द्यावे लागते. ‘भाजणीचं थालीपीठ’ असे उत्तर आले, की भाजणीत कोणती धान्ये किती घ्यावयाची आणि किती भाजावयाची, हा पंधरा मिनिटांचा विषय झाला. त्यातही विद्यार्थ्याने खरोखरच लिहून घेतले, घरी करून पाहिले, आणि पुढच्या वेळी ‘आजी, आमचं थालीपीठ मोडलं हो’ असे सांगितले, तर त्या आजींना दोन दिवस पुरेल एवढा विचार मिळतो.

वृद्धांना आपण पुष्कळदा केवळ घेणाऱ्याच्या जागी बसवितो. शिधा घ्या, गोळ्या घ्या, सल्ला घ्या. देण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते. माझ्या मते विद्यार्थ्याचा दूरध्वनी यशस्वी झाला की नाही, याची कसोटी हीच धरावी : आज त्या व्यक्तीने आपल्याला काय दिले? विषयांना तोटा नाही. जे २०२० मध्ये साठीत प्रवेश करीत होते त्यांचा जन्म महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वर्षातला. पंचाहत्तरीच्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात दगड फोडण्याच्या कामावर हजेरी लावलेली असू शकते. साताऱ्याकडच्या कोणाला ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट आठवत असते, पुण्यातील कोणाला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. आणि साथीचे रोग? देवीच्या रोगाचे व्रण असलेले चेहरे आणि गावात आलेले टोचणारे लोक या पिढीने प्रत्यक्ष पाहिले आहेत. महामारीविषयी बोलताना तज्ज्ञपण त्यांच्याकडे जाते आणि विद्यार्थी ऐकणारा होतो.

काही वेळा समोरची व्यक्ती रडते. अशा वेळी विद्यार्थी घाबरतो आणि घाईने धीर देऊ लागतो : ‘असं बोलू नका, सगळं ठीक होईल.’ हे टाळण्यास शिकविले पाहिजे. ज्यांचा नवरा रुग्णालयात गेला आणि ज्यांना त्याचे अंत्यदर्शनही झाले नाही, त्यांना ‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य ऐकविण्यात अर्थ नसतो. थोडा वेळ गप्प राहावे, ‘मी आहे फोनवर’ एवढेच म्हणावे. हे सतरा वर्षांच्या मुलाला जमेल काय, असे शिक्षक विचारतील. सराव दिल्यास जमते. वर्गातील दोघांना पाठीला पाठ लावून बसवावे आणि एकाने दहा मिनिटे केवळ ऐकावे. चेहरा दिसत नसताना ऐकणे किती कठीण असते, हे त्या सरावातच कळते.

संबोधनाचा प्रश्न किरकोळ वाटला तरी तसा नाही. सर्वांनाच ‘आजी-आजोबा’ म्हणणे सोयीचे असते. पण निवृत्त मुख्याध्यापकांना ‘सर’ किंवा ‘गुरुजी’ ऐकण्याची सवय असते आणि बासष्ट वर्षांच्या बाईंना ‘मावशी’ अधिक रुचते. पहिल्याच वेळी ‘मी तुम्हाला काय म्हणू?’ असे विचारून घ्यावे.

वेळेचा हिशेब आणि व्यवस्था

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तीत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा करावयाची असते. एका विद्यार्थ्याकडे सहा वृद्ध, आठवड्यातून दोन वेळा, दर वेळी पंधरा मिनिटे असे धरल्यास आठवड्याला तीन तास होतात आणि चाळीस आठवड्यांत बरोबर १२० तास भरतात. अर्थात श्रमदान, शिबिरे, वृक्षारोपण ही कामेही असतात; म्हणून निम्मेच तास या कामाला मिळतील असे समजू. तरीही एका विद्यार्थ्यामागे तीन, आणि शंभर विद्यार्थ्यांच्या एका पथकामागे तीनशे वृद्ध होतात. तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयाच्या परिसरातील कित्येक गावांची गरज एवढ्यात भागेल.

यादी मात्र महाविद्यालयाने करू नये. कोणाच्या घरी कोण आहे हे आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत सदस्य व पोस्टमन यांना ठाऊक असते. त्यांनी नावे सुचवावीत, त्या व्यक्तीची संमती प्रत्यक्ष घ्यावी आणि मगच क्रमांक द्यावा. यादी करताना केवळ एकट्या राहणाऱ्यांचा विचार करू नये. वर सांगितलेल्या तीन प्रश्नांचा येथे उपयोग होईल. क्रमांकाच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण आहे. पुष्कळ घरांत भ्रमणध्वनी एकच असतो आणि तो कर्त्या माणसाबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. टाळेबंदीच्या काळात तो नातवंडांच्या ऑनलाइन वर्गासाठी अडकलेला असे. म्हणून वार आणि वेळ ठरलेली असावी. ठरलेल्या वेळेची वाट पाहण्यातही आठवड्याला एक आकार येतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलण्याचा हट्ट धरू नये. मोठ्या अक्षरांतील पोस्टकार्ड आजही दारापर्यंत जाते, आणि ते पुन्हा पुन्हा वाचता येते.

दूरध्वनीवरून फसवणूक करणाऱ्यांचा सुळसुळाट झालेला असल्याने या कामात सावधगिरी अपरिहार्य आहे. पहिला परिचय गावातील ओळखीच्या व्यक्तीच्या उपस्थितीत करून द्यावा. विद्यार्थ्याने बँक, आधार, जमीन किंवा निवृत्तिवेतन यांविषयीचा कोणताही तपशील विचारू नये, आणि कोणी आपण होऊन सांगू लागल्यास थांबवावे. घरातील भांडणे कानावर आली तर ती गावभर होता कामा नयेत. त्याच वेळी मारहाण, उपासमार किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ऐकू आल्यास ती मनात ठेवूनही चालणार नाही. असे काही आढळताच कार्यक्रम अधिकाऱ्यास त्याच दिवशी कळवावे, हा नियम आरंभीच सांगून ठेवावा. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहेत. ते प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर असावेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमाची तोंडओळखही शिक्षकांनी करून द्यावी. विद्यार्थ्याने त्यावर सल्ला देऊ नये, मात्र उपविभागीय स्तरावर असे न्यायाधिकरण असते एवढे त्याला माहीत असावे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग आता हे कशाला, असा प्रश्न उपस्थित होईल. पुढील साथ आली म्हणजे यादी करू, असे म्हणणाऱ्यांना २०२० च्या एप्रिलची आठवण द्यावी लागेल. त्या महिन्यात कोणाचा क्रमांक कोणापाशी आहे, हेच ठाऊक नव्हते. शिवाय अनोळखी मुलाने संकटात प्रथमच केलेल्या दूरध्वनीपेक्षा, वर्षभर मंगळवारी सायंकाळी पाच वाजता बोलणाऱ्या ओळखीच्या आवाजावर वृद्ध व्यक्ती अधिक विसंबते.

टेक्ससचा प्रयोग चार आठवड्यांनी संपला. आपल्याकडे असे काम बहुधा परीक्षेमुळे थांबेल. फेब्रुवारी उजाडला की विद्यार्थी अभ्यासाला लागतो, दूरध्वनी एका आठवड्याला चुकतो, मग दोन. आणि पलीकडे कोणी तरी पाच वाजता भ्रमणध्वनी हातात घेऊन बसलेले असते. सुरूच न केलेल्या कामापेक्षा असे तुटलेले काम अधिक दुखावते. म्हणून अखेरचा दूरध्वनी केव्हा होईल हे पहिल्याच महिन्यात सांगावे. प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी जानेवारीपासूनच जोडीला घ्यावा, तीन-चार वेळा तिघांनी मिळून बोलावे, आणि नव्या आवाजाची ओळख पटल्यावरच जुन्याने निरोप घ्यावा. ज्याच्याशी वर्षभर बोलणे झाले त्या विद्यार्थ्याला शक्य असल्यास एकदा त्या घरी घेऊन जावे. शनिवारचा दिवस, महाविद्यालयाची गाडी किंवा एस.टी.चे भाडे, आणि सोबत एक शिक्षक, एवढा खर्च वार्षिक अंदाजात आधीच धरून ठेवावा.